गोडाऊनचं सॉफ्टवेअर बाकीच्या सिस्टिम्सना जोडायचंय: भिवंडी-तळोजावाल्यांनो, सल्ला हवा

खाडीपलीकडे (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आमचं थर्ड पार्टी गोडाऊनचं काम आहे. मोठं गोडाऊन भिवंडीत, पडघ्याकडे. एक लहान तळोजा एमआयडीसीत. माल ग्राहकांचा, जागा, माणसं आणि रॅक आमचे.

मागच्या वर्षी डब्ल्यूएमएस, म्हणजे गोडाऊनमधला माल सांभाळणारं सॉफ्टवेअर, घेतलं. आतलं काम सुधारलं हे मान्य. कुठला माल कुठल्या बिनमध्ये (रॅकवरच्या खणात) आहे हे आता हातातल्या स्कॅनरवर दिसतं. पूर्वी ते एका जुन्या सुपरवायझरच्या डोक्यात असायचं आणि तो गावी गेला की आमची बोंब. आता घोडं अडतंय ते दारात. मोठ्या ग्राहकाकडे एसएपी आहे, म्हणजे त्यांचं ईआरपी: ऑर्डर, स्टॉक, हिशेब सगळं एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर. तिथून ऑर्डरी मेलवर एक्सेलमध्ये येतात, आमचा ऑपरेटर त्या डब्ल्यूएमएसमध्ये चढवतो. माल भरला की तोच गेलेले नग एक्सेलमध्ये लिहून मेल करतो, तिकडे कोणीतरी ते एसएपीत टाकतं, मग इन्व्हॉइस, मग ई-वे बिल (माल वाहून नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद). तोवर भरलेली गाडी डॉकवर उभी आणि ड्रायव्हर माझ्या केबिनच्या दारात. दुसरा ग्राहक घरगुती उपकरणांचा, त्यांचं वेगळंच ईआरपी. लहान पार्ट्या व्हॉट्सअॅपवर ऑर्डरचा फोटो टाकतात. आमचे स्वतःचे हिशेब टॅलीत. भाडं आणि हाताळणीचं बिल महिनाअखेर हाताने बनतं आणि दर महिन्याला कोणाशी तरी वाजतं.

शेठ म्हणतात, "एपीआय लावून टाका." (म्हणजे दोन सॉफ्टवेअरनी एकमेकांशी थेट बोलायची सोय.) सॉफ्टवेअरवाले म्हणतात दोन आठवड्यांचं काम. मला एपीआय लिहिता येत नाही, पण 'दोन आठवडे' ऐकून पोटात गोळा आला.

विचारायचं हे: सुरुवात कुठून करायची? ई-वे बिल आम्ही काढायचं की ग्राहकाने? आणि प्रत्येकाला थेट जोडायचं की मध्ये काही ठेवायचं?

---

माजिवडा_जंक्शन | रात्री ९:५८

रुमाल टाकून ठेवतो. आमचंही हेच दुखणं आहे, फक्त गाळा काल्हेरला.

---

ऐरोली_एक्सप्रेस | रात्री ११:१५

ताई, दोन आठवड्यांत जोडणी होते हे खरं आहे. म्हणजे इकडचा निरोप तिकडे पोचतो. तो निरोप चुकीचा गेला, दोनदा गेला किंवा गाडी सुटल्यावर गेला तर काय करायचं, यात पुढचे महिने जातात, आणि ते कोटेशनमध्ये कुठेच नसतं. मी महाप्यात हेच काम करतो, तेव्हा घरचा आहेर समजा.

सॉफ्टवेअरवाल्याला बोलावण्याआधी एका कागदावर प्रत्येक आकड्याचा मालक लिहा. मालाचा कोड, नाव, एचएसएन (जीएसटीचा वस्तू-कोड), पेटीत किती नग: मालक ग्राहकाचं ईआरपी. कुठल्या बिनमध्ये किती, कुठल्या बॅचचं, किती फुटलेलं: मालक डब्ल्यूएमएस. इन्व्हॉइस आणि कर: पुन्हा ईआरपी. गाडी नंबर, एलआर (ट्रान्सपोर्टची पावती), पोच: ट्रान्सपोर्टवाला. एखाद्या आकड्यापुढे दोन मालक आले की भांडण कुठे होणार ते तिथेच कळतं.

सगळ्यात मोठं भांडण 'स्टॉक किती' यावर होतं, कारण स्टॉक एसएपीतही दिसतो आणि तुमच्याकडेही. माझा नियम असा की स्टॉकचा आकडा एका सिस्टिममधून दुसरीत कधीच लिहायचा नाही. फक्त हालचाली पाठवायच्या: एवढे आले, एवढे गेले, एवढे फुटले. रात्री दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून फरकाची यादी काढायची आणि ती सकाळी माणसाने बघायची. फरक आपोआप मिटवणारा प्रोग्रॅम कोणी विकायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. तो चोरीसुद्धा मिटवतो.

बाकी निरोप मोजकेच असतात. ग्राहकाकडून मालाचा मास्टर (सगळ्या मालाची मूळ यादी), येणाऱ्या मालाची आगाऊ सूचना आणि डिस्पॅचची ऑर्डर. तुमच्याकडून जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), डिस्पॅच झाल्याची खबर आणि फुटलेल्या किंवा सापडलेल्या मालाचा बदल. ग्राहक अमेरिकी कंपनी असेल तर ते ९४० आणि ९४५ मागतील. त्यांच्या ईडीआयमध्ये (कंपन्यांनी एकमेकांना कागद पाठवायच्या ठरलेल्या इलेक्ट्रॉनिक साच्यात) ९४० म्हणजे गोडाऊनला आलेली डिस्पॅचची ऑर्डर, ९४५ म्हणजे तिचं उत्तर. आवकीचे ९४३ आणि ९४४. एसएपीवाले आयडॉक म्हणतील. वेष्टन वेगळं, आत हेच निरोप.

---

वडपे_फाटा | मंगळवार, सकाळी ७:२०

ऐरोलीकरांना +१, पण 'पेटीत किती नग' हे त्यांनी एका ओळीत उडवलं. निम्मं रामायण तिथेच आहे.

ईआरपीत मोजमाप नगात, ऑर्डर येते पेटीत, आणि डब्ल्यूएमएसमध्ये मास्टर भरताना कोणीतरी पेटी म्हणजेच एक युनिट धरलेलं. मग १० पेट्यांच्या ऑर्डरला १० नग निघतात, किंवा उलटं. उलटं झालं तर कोणी तक्रारही करत नाही, डीलर गप्प माल ठेवून घेतो! त्यात सणाची योजना आली की पेटीत ४८ ऐवजी ५४ नग, कोड मात्र तोच. जोडणीच्या आधी बाकी काही केलं नाही तरी चालेल, पण जास्त खपाच्या मालाची एकेक पेटी फोडून प्रत्यक्ष मोजा, लांबी-रुंदी-वजन घ्या आणि ग्राहकाच्या मास्टरशी ताडून बघा. त्यांना कधीच ठाऊक नसलेल्या चुका सापडतात.

दुसरं म्हणजे एमआरपी. परदेशात बनलेल्या डब्ल्यूएमएसला हा प्रकार डोक्यातच नसतो. बारकोड तोच, कोड तोच, छापील किंमत दोन प्रकारची. २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा ज्यांच्याकडे एमआरपी वेगळी नोंदलेली नव्हती त्यांना जुना माल कुठला, नवा कुठला, स्टिकर कशावर लावायचं हे रॅकवर चढून बघावं लागलं. एमआरपी बॅचसोबत साठवा आणि प्रत्येक निरोपात ती जाऊ द्या. ग्राहकाचं ईआरपी ती घेत नसेल तर ते आत्ता विचारा, गो-लाइव्हच्या रात्री नको.

तिसरं, खोक्यावरचा लांब बारकोड. जीएस१-१२८ मध्ये ०१ नंतर मालाचा नंबर, १७ नंतर एक्स्पायरी, १० नंतर बॅच असते. एक्स्पायरीची लांबी ठरलेली, सहा अंक. बॅचची ठरलेली नाही, वीस अक्षरांपर्यंत काहीही. म्हणून बॅचनंतर पुढे काही असेल तर मध्ये एक न दिसणारं विभाजक चिन्ह लागतं. छापणाऱ्याने ते गाळलं की स्कॅनर एक्स्पायरी बॅचमध्येच गिळतो आणि सिस्टिममध्ये भलतीच बॅच जन्माला येते. मग ग्राहकाचं एसएपी म्हणतं, ही बॅच आमच्याकडे नाही, आणि तुमचा जीआरएन लटकतो. असा एरर आला की सगळे एपीआयकडे बोट दाखवतात. आधी खोकं बघा.

---

नुसतीच_वाचक | सकाळी १०:०५

वाचतेय. 'तो चोरीसुद्धा मिटवतो' यावर ऑफिसात एकटीच हसले.

---

हिशेबनीस | सकाळी ११:३०

ई-वे बिलाचं मी सांगतो (ठाण्यात प्रॅक्टिस आहे, नौपाड्यात).

माल ग्राहकाचा, विक्री त्याची, जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी नंबर) त्याचा. तेव्हा इन्व्हॉइस आणि त्याचा आयआरएन (ई-इन्व्हॉइसला सरकारी पोर्टलवरून मिळणारा नंबर) त्याच्याच ईआरपीतून निघणार, तुम्ही तो बनवायच्या भानगडीत पडू नका. ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्याला १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस लागू आहे, म्हणजे तुमचे दोन्ही मोठे ग्राहक त्यात असणारच. लहान पार्ट्यांचं एकेक करून विचारा. आणि या वर्षीची नव्हे, २०१७-१८ पासूनच्या कुठल्याही वर्षीची उलाढाल धरतात.

ई-वे बिलाचे दोन भाग आहेत आणि तुमचं उत्तर त्यातच आहे. पार्ट एमध्ये इन्व्हॉइस, माल, किंमत. तो ग्राहकाच्या सिस्टिममधून आयआरएन घेतानाच तयार करता येतो. पार्ट बीमध्ये गाडी नंबर, आणि गाडी कुठली हे तुमच्या गेटवरच कळतं. ग्राहकाने पार्ट एमध्ये ज्याचा ट्रान्सपोर्टर आयडी घातला त्याला पार्ट बी भरता येतो. मुदतीचं घड्याळ पार्ट बी पहिल्यांदा भरल्यावर सुरू होतं. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस. म्हणून गाडी लागण्याआधी हौसेने पार्ट बी भरू नका.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मर्यादा १ लाखाची, राज्याबाहेर ५० हजारांची. ही मर्यादा डब्ल्यूएमएसमध्ये कोरून ठेवू नका, सेटिंगमध्ये ठेवा.

आता धागाकर्तीने न विचारलेलं. इन्व्हॉइस पिकिंगच्या (ऑर्डरचा माल रॅकवरून काढण्याच्या) आधी बनतं की नंतर? बऱ्याच कंपन्या ऑर्डर आली की इन्व्हॉइस फाडतात आणि मग गोडाऊनला पाठवतात. बिनमध्ये दोन नग कमी निघाले की संपलं. आयआरएन २४ तासांत रद्द करता येतो, पण त्यावर ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं. २४ तास उलटले की क्रेडिट नोट. तेव्हा ग्राहकाला पटवा: आधी पिकिंगची खरी संख्या एसएपीत जाऊ दे, मग इन्व्हॉइस. यासाठी त्यांच्या विक्री खात्याशी भांडावं लागतं, कारण महिनाअखेरीस त्यांना बिलं आधी फाडायची असतात!

भिवंडीहून तळोज्याला ग्राहकाचा माल हलवाल तेव्हा जीएसटीआयएन एकच असेल तर विक्री नाही. डिलिव्हरी चलन पुरतं, आयआरएन लागत नाही. १ लाखाच्या वर ई-वे बिल मात्र लागतं. आणि दोन्ही गोडाऊनचे पत्ते ग्राहकाच्या नोंदणीत अतिरिक्त व्यवसायस्थळ म्हणून आहेत ना, तेही बघून घ्या.

---

कळंबोलीचा_गाडीवान | दुपारी २:१०

हिशेबनीस साहेबांचं बरोबर आहे, पण गेटवर काय होतं ते पण ऐका.

सकाळी तुम्ही मला गाडी मागता. मी नंबर देतो. दुपारी ती गाडी शिळफाट्याला अडकते, नाहीतर अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळेत थांबवलेली असते. संध्याकाळी मी दुसरी पाठवतो. तुमच्या सिस्टिममध्ये पहिली, ई-वे बिलात पहिली, गेटवर दुसरी. वॉचमन म्हणतो सिस्टिममध्ये नाव नाही, आत सोडणार नाही. पार्ट बी मुदतीत कितीही वेळा बदलता येतो, मग तुमचं सॉफ्टवेअर तो बदलू का देत नाही? गाडी बदलायचं बटण गेटवरच्या माणसाकडे द्या. मॅनेजरच्या लॉगिनमध्ये ठेवलं तर मॅनेजर रात्री दोनला फोन उचलत नाही.

ट्रान्सपोर्टवाल्याकडे एपीआय आहे का, असं मागे एका मिटिंगमध्ये विचारलं होतं. माझ्याकडे मुनीम आहे. त्याला एक लिंक पाठवा; गाडी नंबर, ड्रायव्हरचा मोबाइल, एलआर नंबर, तीन रकाने. तेवढं तो भरेल. अॅप उतरवून घ्या म्हणाल तर ड्रायव्हर हो म्हणेल आणि गेटबाहेर काढून टाकेल.

---

ऐरोली_एक्सप्रेस | दुपारी ३:००

गाडीवानांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्याला जोडून: गाडी नंबर आला की फिटनेस आणि विमा चालू आहे का हे 'वाहन' या सरकारी गाडी-नोंदणीवरून तपासता येतं. केंद्राचं युलिप हे व्यासपीठ १७ सप्टेंबर २०२२ला राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणासोबतच आलं. वाहन, सारथी (लायसन्स), फास्टॅग, आइसगेट (कस्टम्स) वगैरेंचा डेटा त्यातून एका ठिकाणी मिळतो. भाड्याच्या गाडीला जीपीएस बसवायची गरज नाही, टोलनाक्यावरून फास्टॅगची नोंद मिळते. नागपूर-इंदूरसाठी उत्तम. भिवंडी ते तुर्भे अशा जवळच्या फेरीला त्याचा काही उपयोग नाही, तिथे ड्रायव्हरला फोनच करा.

---

तुर्भेकर | दुपारी ४:४५

मी जरा विरुद्ध बोलतो. हे सगळं खरंच लागतं का? एक चांगला डेटा एंट्रीवाला पोरगा या खर्चाच्या मानाने स्वस्त पडतो. तो विचारतो, शंका काढतो, "साहेब ही ऑर्डर कालचीच आहे ना?" म्हणतो. एपीआय बिनडोकपणे दोनदा माल पाठवतो. मार्केट यार्डातली निम्मी गोडाऊनं आजही वहीवर चालतात आणि नफ्यात आहेत.

---

वडपे_फाटा | संध्याकाळी ५:३०

तुर्भेकर, तुमच्या कांदा-बटाट्याला बॅच नंबर नसतो हो.

मस्करी सोडा. ऑर्डरी किती हे बघू नका, ऑर्डरीतल्या ओळी किती ते बघा. उपकरणांच्या ऑर्डरीत दोन ओळी असतात, सौंदर्यप्रसाधनांच्या ऑर्डरीत कधी शे-दीडशे. दीडशे ओळी, प्रत्येकीला बॅच आणि एमआरपी, त्या टाइप करून संध्याकाळच्या गाड्या सोडून दाखवा. पण लहान पार्ट्यांबद्दल मी तुमच्याच बाजूने आहे. आठवड्याला दोन ऑर्डरी देणाऱ्याला एपीआय कशाला?

---

ऐरोली_एक्सप्रेस | संध्याकाळी ६:१०

तुर्भेकरांच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे: पोरगा विचारतो, प्रोग्रॅम विचारत नाही. मग प्रोग्रॅमला विचारायला शिकवायचं. यालाच आम्ही लोक 'आयडेम्पोटंट' असलं भारदस्त नाव दिलंय. प्रत्येक निरोपाला एक कायमचा नंबर. तोच नंबर पुन्हा आला तर माल पुन्हा काढायचा नाही, "हे झालंय, हे घ्या मागचंच उत्तर" एवढं सांगायचं.

खरा धोका 'नाही' या उत्तराचा नसतो. उत्तरच न येण्याचा असतो. तुम्ही डिस्पॅचची खबर पाठवली, समोरून काहीच आलं नाही. पोचली की नाही? इथे कच्चा प्रोग्रॅम पुन्हा पाठवतो आणि एसएपीत दोनदा माल वजा होतो. ठरवून ठेवा: उत्तर नाही आलं तर आधी विचारायचं, मग पाठवायचं. आयआरएन या बाबतीत नीट बांधलाय. तो विक्रेत्याचा जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि नंबर यांच्यावरून बनलेला ६४ अक्षरांचा हॅश आहे. म्हणून तेच इन्व्हॉइस दुसऱ्यांदा पाठवलं तर दुसरा आयआरएन जन्मतच नाही, २१५० नंबरचा एरर येतो. तो एरर दिसला की घाबरायचं नाही, कागदाच्या नंबरावरून आधीचा आयआरएन मागून घ्यायचा. एवढं ग्राहकाच्या टीमला सांगा, रात्रीचे अर्धे फोन बंद होतील.

आता थेट की मध्ये काही? ताई, तुमच्याकडे दोन मोठी ईआरपी, टॅली, ट्रान्सपोर्ट, आणि उद्या आणखी एक ग्राहक. प्रत्येकाला डब्ल्यूएमएसशी थेट जोडलंत तर डब्ल्यूएमएस बदलताना सगळ्यांना पुन्हा जोडावं लागेल. मध्ये एक थर ठेवा: तुमचा स्वतःचा एकच ठरलेला साचा, आणि प्रत्येक ग्राहकासाठी त्याच्या भाषेतून तुमच्या साच्यात आणणारा छोटा तुकडा. तो थर म्हणजे कोट्यवधींचं मिडलवेअर असायची गरज नाही. एक सर्व्हर, निरोपांची रांग, आणि अडकलेले निरोप दाखवणारा पडदा. तो पडदा महत्त्वाचा आहे, त्यावर पुन्हा येतो.

लहान पार्ट्यांना ठरलेल्या रकान्यांची फाइल द्या आणि ती एसएफटीपीवर (फाइल पाठवायचा सुरक्षित मार्ग) किंवा मेलवर घ्या. अशा साध्या फाइलला (सीएसव्ही) नाकं मुरडू नका, मोठमोठ्या कंपन्या आजही त्यावर चालतात. फक्त ती एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह केलेली नसावी. एक्सेल ८९० ने सुरू होणारा तेरा अंकी बारकोड ८.९० ई+१२ असा करून ठेवतं, कोडच्या पुढची शून्यं खातं, आणि ०५/०८ ही तारीख ऑगस्टची की मेची हे त्या कॉम्प्युटरच्या सेटिंगवर सोडतं. फाइल घेताना हे तिन्ही तपासा आणि चुकलं तर पूर्ण फाइल परत करा. अर्धी चढवू नका.

---

उरण_नाका | रात्री ८:२५

आयातीच्या बाजूने थोडं. न्हावा शेवाहून कंटेनर तुमच्याकडे येत असतील तर आगाऊ सूचना ग्राहकाच्या मेलवर अवलंबून ठेवू नका. कंटेनरवर आरएफआयडी टॅग लावून तो कुठे आहे हे दाखवणारी लॉजिस्टिक्स डेटा बँक जेएनपीटीत २०१६ साली सुरू झाली. कंटेनर नंबर टाकला की बंदरातून कधी बाहेर पडला, सीएफएसला (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात) आहे का, ते दिसतं. ते डॉकच्या वेळापत्रकाला जोडा. डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरीचा (सीएफएसला न जाता बंदरातून थेट येणारा) माल असेल तर फार वेळ मिळत नाही, म्हणून जास्तच गरज.

कंटेनर नंबर गेटवर हाताने टाइप होतो आणि चुकतो. चार अक्षरं, सात अंक. शेवटचा अंक आधीच्या दहा अक्षर-अंकांवरून काढलेला तपासणी अंक असतो. डब्ल्यूएमएसला तो तपासायला सांगा. अगदी छोटं काम आहे, पण कोणी करत नाही. आणि रिकामा कंटेनर परत कधी गेला हेही नोंदवा. शिपिंग लाइनचे मोफत दिवस संपल्यावर डिटेन्शन (कंटेनर जास्त दिवस ठेवल्याचा आकार) कोणी भरायचं यावरून ग्राहकाशी होणाऱ्या वादात तीच नोंद कामी येते.

---

खाडीपलीकडे | रात्री ९:३०

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून ठेवलंय. टॅलीबद्दल कोणी बोललं नाही. आणि माथाड्यांचा हिशेबही मला यातच आणायचाय, जमेल का?

---

नुसतीच_वाचक | रात्री १०:१५

माथाडीचं मी सांगते, मी तेच बघते. १९६९च्या माथाडी कायद्याखाली नोंदलेल्या टोळीची मजुरी आणि त्यावरची लेव्ही (वरची टक्केवारी) माथाडी मंडळाकडे भरायची असते. वाद मजुरीच्या दराचा क्वचितच होतो, नगांचा होतो. मुकादमाच्या वहीत एक आकडा, जीआरएनवर दुसरा. गाडी रिकामी झाल्यावर डब्ल्यूएमएसमधून स्लिप छापा: गाडी, टोळी, किती पेट्या, किती वजन. त्यावर मुकादम आणि सुपरवायझर दोघांची सही तिथल्या तिथे. महिन्याचा तक्ता त्याच नोंदीवरून काढा. पण एक पथ्य पाळा: स्लिपवर उतरवलेल्या पेट्या हव्यात, स्वीकारलेल्या नव्हेत. फुटलेली पेटीही त्यांनी उतरवलेलीच असते.

---

ऐरोली_एक्सप्रेस | रात्री ११:००

टॅली सरळ आहे. तिला एक्सएमएल (ठरलेल्या साच्यातली मजकूर-फाइल) पाठवता येतं, नेहमीचा पोर्ट ९०००. अट एवढीच की ज्या कॉम्प्युटरवर टॅली आहे तो चालू हवा, टॅली उघडी हवी आणि योग्य कंपनी लोड केलेली हवी. अकाउंटंट सातला कॉम्प्युटर बंद करून घरी जातो आणि रात्रीचे निरोप आपटतात. म्हणून टॅलीकडे जाणारं सगळं रांगेत ठेवा, सकाळी ती उघडली की जाऊ द्या. आणि प्रत्येक व्हाउचरला तुमचा कायमचा नंबर द्या, वरचंच कारण.

तुमच्या महिनाअखेरच्या वादाचं औषधही इथेच आहे. ग्राहकाचा स्टॉक टॅलीत आणू नका, तो तुमचा मालच नाही. टॅलीत तुमचं बिल आणा. किती पॅलेट किती दिवस राहिले, किती पेट्या आत-बाहेर झाल्या, किती लेबलं लावली, हे डब्ल्यूएमएसला ठाऊक असतं. मधल्या थरात ग्राहकाचा दरतक्ता ठेवा, रोज रात्री त्या दिवसाचं काम त्याला लावा आणि ग्राहकाला आठवड्याला कच्चा हिशेब पाठवा. महिनाभराचा वाद आठवड्याच्या फोनवर मिटतो. शेठना पटवायचं असेल तर जोडणीचा खर्च यातूनच निघतो असं सांगा, कारण हाताने बनवलेल्या बिलात लेबल लावणं आणि रविवारचं काम बहुतेक सुटलेलं असतं.

---

तुर्भेकर | बुधवार, सकाळी ९:१०

हे मात्र पटलं. बिलापासूनच सुरुवात करा, पैसा आला की शेठ बाकीचं आपणहून विचारतात.

---

वडपे_फाटा | सकाळी ९:५०

नाही पटत. मूळ हालचाली चुकीच्या असतील तर बिलही चुकीचंच, फक्त जास्त वेगाने. आधी एसएपीवाल्या ग्राहकाची डिस्पॅचची खबर. गाडी त्यामुळे अडतेय.

सुरू करायच्या दिवसाबद्दल: मार्चअखेर नको, दिवाळीचा हंगाम नको, महिन्याचे शेवटचे चार दिवस नको. एका ग्राहकाचा, एकाच गोडाऊनचा माल. शनिवारी रात्री सगळी आवक बंद, रविवारी प्रत्यक्ष मोजणी, दोन्ही सिस्टिमचा स्टॉक तिथे जुळवून मगच निरोप सुरू. वाटेत असलेल्या गाड्या आणि अर्ध्या पिक झालेल्या ऑर्डरी यांची यादी हाताने करा. त्या जुन्याच पद्धतीने संपवायच्या. जुनी एक्सेलची पद्धत काही दिवस सोबत चालू ठेवा, पण माल निघेल तो एकाच कागदावर. दोन कागदांवर माल निघायला लागला की सुपरवायझर सोयीचा कागद निवडतात.

इंटरनेट जाणारच. फायबर तुटलेलं असताना गाडी कशी सोडायची हे लिहून गेटवर चिकटवा. आणि ऐरोलीकर, त्या पडद्याचं राहिलं.

---

ऐरोली_एक्सप्रेस | सकाळी १०:४०

हो. अडकलेल्या निरोपांचा पडदा. तो कोणी बघायचा याचं नाव आजच ठरवा, पदाचं नाही, माणसाचं. आणि तो रजेवर असेल तेव्हाचं दुसरं नाव. आयटीकडे देऊ नका. "बॅच सापडली नाही" याचं उत्तर आयटीकडे नसतं, रॅकजवळ असतं. पडद्यावर एररचा कोड दाखवून भागत नाही, सुपरवायझरला कळेल असं मराठीत-हिंदीत लिहून घ्या: 'ऑर्डर अमुक, ओळ ७, ही बॅच ग्राहकाकडे नाही, खोक्यावरची बॅच परत स्कॅन करा.' सॉफ्टवेअरवाला हे जादा काम म्हणेल. पैसे द्या आणि करून घ्या.

---

खाडीपलीकडे | संध्याकाळी ७:१५

शेठशी बोलले. ठरलंय असं: वडप्याच्या दादांचं ऐकून आधी पेट्या मोजायच्या, मग एसएपीवाल्याची डिस्पॅचची खबर, मग बिल. उपकरणांचं ईआरपी त्यानंतर. लहान पार्ट्यांना फाइलचा साचा पाठवतेय, फोटोवरून ऑर्डर बंद. पार्ट बी गेटवरून.

एक अडलंय. ग्राहक माल पिक झाल्यावर ऑर्डर रद्द करतो. एसएपीत तर ती एका क्लिकने जाते. आमच्याकडे माल डॉकवर पडलेला असतो.

---

ऐरोली_एक्सप्रेस | संध्याकाळी ७:५०

रद्दचा निरोप हुकूम म्हणून घेऊ नका, विनंती म्हणून घ्या. पिकिंग सुरू नसेल तर डब्ल्यूएमएस लगेच 'झाली रद्द' म्हणेल. पिक झाली असेल तर 'माल परत रॅकवर गेल्यावर कळवतो', आणि तोवर एसएपीत ऑर्डर बंद दिसता कामा नये, नाहीतर तोच माल ते दुसऱ्या ऑर्डरीला देऊन टाकतील. गाडीत चढला असेल तर 'नाही'. मग तो परतीचा माल म्हणून यायचा: आल्यावर वेगळ्या जागी, विक्रीला बंद अशा अवस्थेत, तपासल्यावरच मोकळा.

---

वडपे_फाटा | रात्री ८:०५

आणि परत रॅकवर ठेवण्याची मजुरी लावा ताई. पिकिंगचे एकदा, ठेवण्याचे एकदा. करारात नसेल तर पुढच्या नूतनीकरणाला घाला. आम्ही घातल्यापासून रद्द ऑर्डरी एकदम कमी झाल्या.

---

खाडीपलीकडे | रात्री ८:१२

दादा, दर काय लावलात पेटीला?

---

वडपे_फाटा | रात्री ८:१४

इथे नको, आमचे ग्राहकही वाचत असतील. खासगी निरोप बघा.